हायवेवरच्या नव्या आउटलेट मॉलला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं अल्टरेशनचं छोटं दुकान आहे. कागलच्या अंगाला महामार्गालगत आउटलेट मॉल सुरू झाला आणि माझ्या टेबलावर तिथल्या पिशव्यांची रांग लागली. कुणाची पँट लांब, कुणाचा शर्ट कमरेत ढगळ. कपडा उसवूनच काम करायचं असल्यानं तो बाहेरून कसा दिसतो यापेक्षा आतून कसा आहे, हे मला आधी कळतं. मी स्वतः तिथं तीनदा जाऊन आले. गिऱ्हाईकं रोज तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढली. लोकांचा कष्टाचा पैसा चांगल्या कपड्यावर खर्च व्हावा, एवढीच इच्छा आहे.

आउटलेट मॉल म्हणजे नक्की काय? नेहमीच्या मॉलपेक्षा वेगळा कसा?

नेहमीच्या मॉलमध्ये कंपन्या यंदाचा नवा माल मांडतात. आउटलेटमध्ये त्याच कंपन्या आपला उरलेला माल स्वतःच कमी किमतीत विकतात. कल्पना आपल्याला नवी नाही. मिलच्या कटपीसची दुकानं आपल्या आईवडिलांच्या पिढीनं पाहिली आहेत. ताग्याच्या शेवटी उरलेला तुकडा, छपाईत हललेलं कापड, सगळं तिथं स्वस्तात मिळायचं. ज्या गावात १९०६ साली शाहू मिल उभी राहिली आणि ज्या जिल्ह्यात इचलकरंजीचे माग आहेत, तिथल्या माणसाला ‘सेकंडचा माल’ समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंग गावी १९७०च्या दशकात मोजे विणणाऱ्या जुन्या गिरणीच्या इमारतींमध्ये कारखान्याचा उरलेला माल विकणारी दुकानं थाटली गेली आणि लांबून लोक गाड्या भरून येऊ लागले.

मग तो शहराबाहेर का? राजारामपुरीत का नाही?

दोन कारणं. बाहेर जागा स्वस्त आणि गाड्या लावायला ऐसपैस. दुसरं कारण व्यापाराचं आहे. त्याच कंपनीचा शर्ट शहरातल्या शोरूममध्ये पूर्ण किमतीला लागलेला असताना दोन चौक सोडून निम्म्या दरात विकला, तर शोरूमवाल्याचा धंदा बसतो. म्हणून कंपन्या आउटलेट मुद्दाम लांब ठेवतात. जो माणूस खास तेवढ्यासाठी गाडी काढून येईल, त्यालाच सूट.

तिथला माल खराब असतो का?

सरसकट नाही. मात्र एकाच रॅकवर चार जातींचा माल शेजारी शेजारी टांगलेला असतो, हे ध्यानात ठेवा.

पहिला, मागच्या हंगामातला. शोरूममध्ये खपला नाही, पण माल अस्सल तोच. शर्ट, जीन्स, कुर्ते यांत हा मिळाला तर डोळे झाकून घ्या. दुसरा, जास्तीचा. हजार पीस विकले जातील म्हणून शिवले, सातशेच गेले, उरलेले इथं आले. यातही काही कमी नसतं, फक्त साइझ तुटलेले असतात. तिसरा, दोष असलेला, म्हणजे आपला सेकंड. चौथा प्रकार बऱ्याच जणांना माहीत नसतो. तो खास आउटलेटसाठीच शिवलेला असतो. लेबल तेच, पण कापड थोडं हलकं, शिवणीबाहेर सोडलेलं कापड, म्हणजे माया, कमी, खिशाचं अस्तर पातळ. शोरूमचा तो कधी नव्हताच, त्यामुळे ‘मूळ किंमत’ म्हणून जो आकडा छापलाय त्याला तसा अर्थ उरत नाही.

हा चौथा प्रकार वाईट असतोच असं नाही. रोजच्या वापराला चालतो. पण त्याला शोरूमच्या मालाचा भाव देऊ नका. ओळखायचा कसा, ते खाली सांगते.

कपडा हातात घेतल्यावर काय बघायचं?

आधी टॅग सोडा आणि कपडा उलटा करा. आतली बाजू खोटं बोलत नाही.

बाजूची शिवण बघा. दोन्ही कापडांच्या कडेला शिवणीबाहेर जेवढं कापड सोडलेलं असतं, त्याला आम्ही माया म्हणतो. चांगल्या पँटला मागच्या मधल्या शिवणीत बोटाच्या रुंदीएवढी किंवा त्याहून जास्त माया असते. ती असेल तर उद्या पोट सुटलं तरी मी कंबर वाढवून देऊ शकते. माया नखाएवढी असेल आणि त्यावरच ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून घातलेली शिलाई) मारलेलं असेल, तर कपडा कमी करता येतो, वाढवता येत नाही. गेल्या महिन्यात एक दादा दोन फॉर्मल पँट घेऊन आले. कंपनी एकच, रंग सारखाच, दोन्ही याच मॉलमधल्या. एकीच्या मागच्या शिवणीत भरपूर माया, कमरपट्टीत बक्रम, म्हणजे आतलं ताठ कापड, खिसा जाड सुती कापडाचा. दुसरीत माया नावाला, कमरपट्टी लिबलिबीत आणि खिसा बोट आरपार दिसेल इतका पातळ. टेबलावर दोन्ही उलट्या ठेवल्या तेव्हा दादांनाच फरक दिसला. बाहेरून दोन्ही पँट जुळ्या.

मग टाके बघा. जवळ जवळ, एकसारखे असावेत. शिवणीच्या दोन्ही बाजूंना धरून हलकेच ताणा. फटीतून दोरा दातांसारखा दिसायला लागला, तर टाके मोठे घातलेत आणि ती शिवण लवकर उसवणार. चौकडीच्या शर्टाला खिशावरच्या चौकड्या आणि छातीवरच्या चौकड्या जुळतात का बघा. जुळवायला कापड जास्त लागतं आणि कारागिराचा वेळही जातो. म्हणून जिथं पैसे वाचवायचे असतात तिथं हेच पहिलं सुटतं.

टी-शर्ट असेल तर दोन्ही खांदे धरून समोर लोंबकळत ठेवा. बाजूची शिवण सरळ खाली यायला हवी. ती पोटाकडे वळत असेल तर कापड उभ्या धाग्यात नीट बेतलेलं नाही. हा कपडा धुतल्यावर आणखी पिळणार. यावर माझ्याकडे काही इलाज नाही, कुणाकडेच नाही.

शेवटी उजेड. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो. गडद रंगाचा कपडा महिनोन् महिने घडीत पडला असेल, तर घडीच्या रेषेवर रंग विटलेला असतो. दारातल्या माणसाला सांगून कपडा दिवसाच्या उजेडात नेऊन बघा. मी दर वेळी विचारते, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

जुना माल म्हणजे टिकाऊपणा कमी का?

हे कशापासून बनलंय त्यावर आहे. सुती कापड, डेनिम, लिनन, लोकर दोन-तीन वर्षं गोदामात पडली तरी त्यांना काही होत नाही, कीड आणि ओल लागली नाही म्हणजे झालं. पण काही वस्तू वापरल्या नाहीत तरी म्हाताऱ्या होतात.

सगळ्यात मोठा धोका बुटांचा. ही गोष्ट मी घरातूनच शिकले. दुसऱ्या गावच्या एका आउटलेटमधून यजमानांसाठी बूट घेतले होते. कातडं सुरेख, वजनाला हलके, निम्म्या किमतीत. चार महिने खोक्यात जपून ठेवले आणि चैत्रात जोतिबाला जाताना पहिल्यांदा घातले. पायऱ्या निम्म्याही झाल्या नव्हत्या, तेवढ्यात उजव्या बुटाचा सोल भाकरीसारखा तुकडे तुकडे होऊन पडायला लागला. पुढचा डोंगर यजमान अनवाणी चढले. चिकटवायला चांभारदादांकडे नेले, तर त्यांनी बोटानं दाबून दाखवलं. सोलचा भुगा होत होता. चिकटवायला शिल्लक काही नव्हतंच.

कारण असं की बऱ्याच फॉर्मल बुटांचे, सँडलचे आणि ट्रेकिंगच्या बुटांचे सोल पॉलियुरेथेनचे असतात. हवेतली ओल हळूहळू त्यात शिरते आणि त्याचे धागे आतून तोडते. बूट न वापरता खोक्यात पडून राहिला तरी हे चालूच असतं. आपल्याकडचा पावसाळा तर त्याला पोषकच. साध्या रबराच्या सोलला असं होत नाही. म्हणून खोक्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष आहे का बघा. तीन-चार वर्षांपूर्वीचा पॉलियुरेथेनचा सोल असेल तर मी तरी हात लावणार नाही. सोलवर अंगठा दाबा. चिकट लागला, पावडर सुटली किंवा नखाची खूण तशीच राहिली, तर जोडा ठेवून द्या.

तीच गोष्ट रेक्झिनच्या जॅकेट आणि पर्सची. एक कोपरा दुमडून बघा, घडीवर केसासारख्या चिरा दिसल्या तर वर्षभरात पापुद्रे सुटणार. इलॅस्टिक ताणून कानाशी धरा. कर्र आवाज आला तर आतलं रबर वाळलंय. परकर, ट्रॅक पँट, लहान मुलांचे कपडे यांत हे हमखास तपासा. परफ्यूम आणि क्रीमच्या दुकानात मुदतीची तारीख आधी, वास नंतर.

‘७० टक्के सूट’ खरी असते का?

सूट खरी असते, पण कशावर, ते बघा. सूट छापील किमतीवर असते आणि छापील किंमत उत्पादकच ठरवतो. कायदा एवढंच सांगतो की छापील किमतीपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती किंमत वाजवी आहे का, हे कायदा बघत नाही. तीन हजार छापून नऊशेला विकलेला शर्ट नऊशेचाच असू शकतो.

माझी रीत सांगते. टॅगवर अंगठा ठेवून किंमत झाकायची. कपडा उलटसुलट बघायचा आणि मनात ठरवायचं की महाद्वार रोडवर टॅगशिवाय हा मिळाला असता तर मी किती दिले असते. मग अंगठा काढायचा. मनातल्या आकड्यापेक्षा किंमत कमी असेल तर घ्यायचा. टक्के बघायची गरजच पडत नाही.

‘दोन घ्या, तीन मोफत’ अशा योजनेत पाचवा शर्ट बहुतेक कुणाच्याच अंगाचा नसतो. माझ्याकडे तो कमी करायला येतो आणि त्याच्या मजुरीचेही पैसे जातात.

टॅगवर स्टिकरवर स्टिकर चिकटवलेलं दिसतं. ते चालतं का?

किंमत कमी करण्यासाठी नवं स्टिकर लावता येतं, पण त्यानं मूळ छापील किंमत झाकली जाता कामा नये. वाढवण्यासाठी स्टिकर लावणं बेकायदा आहे. २०११च्या वैधमापन नियमांत ही तरतूद आहे. स्टिकरखाली दुसरं स्टिकर असेल तर दुकानदाराला शांतपणे विचारा, खालची किंमत काय होती. खालची कमी असेल तर तो कपडा तिथंच सोडा आणि फोटो काढून ठेवा.

बिलात जीएसटी वेगळा लावला तर?

छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. सूट दिल्यावर जो आकडा टॅगवर किंवा फलकावर दाखवलाय, त्यावर पुन्हा कर चढवणं योग्य नाही. ग्राहक आयोगांनी अशा दुकानांना पूर्वी चुकीचं ठरवलेलं आहे. काउंटरवरच विचारा, रांगेत मागे माणसं आहेत म्हणून गप्प बसू नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कपडे आणि पादत्राणांवर प्रति नग किंवा जोडी अडीच हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. हा दर प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर ठरतो, छापील किमतीवर नाही. म्हणजे चार हजार छापलेलं जॅकेट चोवीसशेला मिळालं तर बिलात ५ टक्क्यांचा दर दिसायला हवा.

साइझचा घोळ फार होतो. काय करावं?

होणारच. एका कंपनीचा चाळीस दुसऱ्या कंपनीच्या बेचाळीसएवढा असतो. त्यात आउटलेटला साइझ तुटलेले, म्हणून माणूस ‘थोडा घट्ट आहे, चालेल’ म्हणून घेऊन येतो.

घरी अंगाला छान बसणारा एक शर्ट पलंगावर सपाट पसरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, खांद्याच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत आणि मागची उंची, अशी तीन मापं कागदावर लिहा. पँटचं कमर, मांडी आणि आतल्या शिवणीची लांबी. तो कागद आणि मोजपट्टी पर्समध्ये टाका. ट्रायल रूमच्या रांगेत उभं न राहताही रॅकजवळच कपडा मोजता येतो. घरी राहिलेल्या माणसासाठी कपडा घ्यायचा तर याशिवाय मार्गच नाही.

ट्रायल रूममध्ये गेलात तर नुसतं आरशात बघू नका. खाली बसा, दोन्ही हात वर करा, पुढं वाका. मुंढा, म्हणजे बाही जोडलेली जागा, काचत असेल तर तो नंतर सैल होत नाही.

दोष असलेला पीस घ्यावा का?

काही दोष पाच मिनिटांत जातात, काही कधीच जात नाहीत. तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, बिघडलेली चेन, सुटलेली दुमड, हे सगळं दुरुस्त होतं. चेन बदलण्याचे पैसे धरूनही किंमत परवडत असेल तर खुशाल घ्या. विणलेल्या कापडातलं भोक, विटलेली घडी, दोन बाह्यांच्या रंगछटेत फरक आणि आधी सांगितलेली वळणारी शिवण, यांना हात लावू नका. डागाबद्दल सांगायचं तर तेलाचा डाग असेल तर सोडा. मशीनच्या तेलाचा डाग जुना झाला की धाग्यात मुरतो.

गांधीनगर बरं की आउटलेट मॉल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला आवडतोही. गांधीनगर ही आपल्या भागाची कपड्याची पेठ आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून पाच वर्षं वळीवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरनं आसरा दिला. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक आले आणि त्यांनी शून्यातून ही बाजारपेठ उभी केली.

तिथं घासाघीस होते, ठोक दर मिळतो, साड्या, ड्रेस मटेरियल, शाळेचे गणवेश, पडदे, चादरी यांत गांधीनगरला तोड नाही. व्यापारी ओळखीचा झाला की माल बदलूनही देतो. आउटलेटमध्ये किंमत ठरलेली, पण ठरावीक कंपनीची जीन्स, फॉर्मल शर्ट, खेळाचे बूट, बॅगा हवे असतील तर तिथं अस्सल माल कमी भावात मिळतो. नावासाठी घ्यायचं असेल तर आउटलेट, कापडासाठी घ्यायचं असेल तर गांधीनगर. दोन्हीकडे कपडा उलटा करून बघायचा.

लग्नाचा बस्ता तिथं बांधावा का?

नको. बस्त्याला एकाच पद्धतीचे पाच-सहा पीस वेगवेगळ्या साइझमध्ये लागतात आणि आउटलेटला नेमकं तेच नसतं. मानपानाच्या साड्या, टोपी-टॉवेल, शर्टपीस यांसाठी आपली पेठच बरी. आयत्या वेळी एखादी साडी वाढवावी लागली तर तासाभरात मिळते. नवरदेवाचे बूट किंवा हनिमूनची बॅग आउटलेटमधून घ्या.

कोल्हापुरी चप्पल तिथं घ्यावी का?

कोल्हापुरात राहून आउटलेटमधून कोल्हापुरी? चप्पल लाइनला जा. अस्सल कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची असते आणि खिळा न मारता कातड्याच्या वादीनं शिवलेली असते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून. ज्या चपलेच्या तळाला वादीचे टाके दिसत नाहीत, नुसता गोंद आणि वर ‘कोल्हापुरी’ अशी डिझाइन आहे, ती घालायला हरकत नाही, पण कोल्हापुरी म्हणून पैसे देऊ नका. घरच्या कारागिराच्या पोटाचा प्रश्न आहे.

जायचं कसं?

स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर तावडे हॉटेल, उचगाव किंवा सरनोबतवाडीकडून महामार्गाला लागा आणि वेळेत सेवा रस्त्यावर उतरा. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळे वळणं बदलत असतात, मागच्या वेळी होतं तिथंच वळण असेल असं धरून चालू नका. दुचाकीवाल्यांना हात जोडून विनंती की चुकलात तर पुढच्या पुलाखालून वळून या. दोन मिनिटं वाचवायला उलट्या बाजूनं सेवा रस्त्यावर घुसणारे मी तीनही वेळा पाहिले, त्यातल्या एकाच्या मागे लेकुरवाळी बाई बसली होती. हेल्मेट मागच्यालाही हवं.

एसटीनं जायचं तर मध्यवर्ती बसस्थानकावरून कागल, निपाणीकडची साधी गाडी बघा. विनाथांबा गाडी मध्ये थांबत नाही. चढण्याआधी वाहकाला थांब्याबद्दल विचारून घ्या. परतताना अंधार पडण्याआधी निघा, हायवेच्या कडेला हात करत उभं राहणं धोक्याचं आहे. निपाणीहून येणाऱ्यांना कोगनोळीचा टोल आणि इस्लामपूरकडून येणाऱ्यांना किणीचा टोल लागतो. येण्या-जाण्याचं पेट्रोल आणि टोल बेरजेत धरा. एका टी-शर्टसाठी एवढं लांब येणं परवडत नाही, चार घरांनी मिळून एक गाडी करा.

पावसाळ्यात जावं का?

शहरातून जाणाऱ्यांना फारशी अडचण नाही. पण पंचगंगेच्या पलीकडून, म्हणजे पेठ वडगाव, सांगली, इचलकरंजीच्या अंगानं येणाऱ्यांनी निघण्याआधी त्या नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघावी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता, हे कुणी विसरलेलं नाही. पातळी चढती असेल तर खरेदी पुढच्या आठवड्यात.

कोणत्या दिवशी, किती वाजता जावं?

मंगळवार ते गुरुवार, दुकानं उघडल्या उघडल्या. रविवारी संध्याकाळी ट्रायल रूमला रांग, पार्किंगला रांग, आणि कपडा उलटा करून बघायला जागाही नसते. पगाराच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर नकोच. दिवाळीचं घ्यायचं असेल तर गणपती झाल्यावर लगेच जा. जुन्या हंगामाचा माल जानेवारी-फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये जास्त येतो, कारण तेव्हा शोरूममधले सेल संपत आलेले असतात.

लहान मुलं आणि वयस्कर माणसांना न्यावं का?

न्या, पण दोन तासांच्या बेतानं. अशा मॉलमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणं फार होतं. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मी आधी बसायची जागा शोधून दिली आणि कपडे त्यांच्याजवळ नेऊन दाखवले. व्हीलचेअर मिळते का, हे गेटवर विचारायला लाजू नका. पाण्याची बाटली आणि पोरांसाठी भडंगाची पुडी सोबत असू द्या. पोटभर जेवण मात्र परत आल्यावर कोल्हापुरात, तिथल्या काउंटरवर तांबडा-पांढरा शोधू नका.

बिल करताना मोबाइल नंबर मागतात. द्यावाच लागतो का?

नाही. नंबरसाठी अडवू नये, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३मध्ये दुकानदारांना दिली आहे. ‘नंबर द्यायचा नाही, छापील बिल द्या’ एवढं म्हणा. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. पिशवीचे पैसे आधी न सांगता बिलात टाकणंही अनुचित, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२०मध्ये म्हटलं आहे. तरी घरून कापडी पिशव्या घेऊन जाणंच सोयीचं.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहिलेलं असतं. मग?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्हाला रंग आवडला नाही किंवा साइझ चुकला, तर बदलून द्यायचं की नाही हे दुकानाच्या नियमावर. आउटलेटमध्ये हे नियम कडक असतात, पैसे भरण्याआधी विचारा. पण माल सदोष निघाला तर फलकावर काहीही लिहिलेलं असो, बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं कायद्यानं अनुचित आहे. अपवाद एकच लक्षात घ्या. ‘सेकंड’ असं स्पष्ट सांगून, दोष दाखवून विकलेल्या वस्तूच्या त्याच दोषावरून भांडता येणार नाही.

दुकानानं दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तिथंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही आणि तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणून बिल आणि टॅग महिनाभर तरी फेकू नका. बुटांचं खोकंही.

घेतलेल्या कपड्यांचं अल्टरेशन होतं का? काय होतं, काय नाही?

शर्टाच्या बाजू, बाहीची लांबी, पँटची उंची, कंबर दोन इंचांपर्यंत कमी, हे सगळं होतं. कंबर वाढवणं मायेवर. खांदा उतरत असेल तर तो कपडा घेऊच नका, बाही काढून मुंढा नव्यानं बेतावा लागतो आणि मजुरी शर्टाच्या किमतीला जाऊन भिडते. अस्तर लावलेल्या कोटाचंही तसंच. जीन्स आखूड करायची असेल तर मूळ दुमड कायम ठेवून करायला सांगा, नाहीतर खालची विटलेली कडा जाते आणि पँट नवखी दिसते.

सुती कपडा असेल तर आणण्याआधी एकदा पाण्यातून काढा. आटायचं तेवढं आटू द्या, मग मापं घेऊ. आणि पँट घेऊन याल तेव्हा तिच्यावर जे बूट किंवा जी चप्पल घालणार आहात ती पायात घालून या. अनवाणी घेतलेली उंची बूट घातल्यावर वर चढते.